पहिल्यांदा विमानात बसताना: कोणता आवाज कधी येतो, आणि बाकीची तयारी

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बंगळुरूला असलेली माझी मुलगी ठरल्या तारखेच्या ३ आठवडे आधी बाळंत झाली. आम्ही वर्ध्याचे. रेल्वेची तिकिटं वेटिंगवर होती, आणि मिळाली असती तरी प्रवासात जवळजवळ अख्खा दिवस गेला असता. जावयांनी त्याच संध्याकाळी नागपूरहून विमानाचं तिकीट काढून फोनवर पाठवलं. माझं वय ५८, नोकरी शिक्षिकेची झालेली, आणि तोवर विमान पाहिलं होतं ते फक्त अंगणातून मान वर करून.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, १२ जून २०२५ ला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्यावर काही क्षणांतच कोसळलं होतं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच माणूस वाचला. ती दृश्यं घरोघरी टीव्हीवर दिवसभर चालू होती. त्यामुळे मला जी धास्ती वाटली ती माझ्या एकटीची नव्हती, हे मला ठाऊक आहे. शेजारचे लोक समजूत घालत की रस्त्यावर यापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. ते खरंच आहे, २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त लोक गेले. पण त्या आकड्यानं माझ्या पोटातला गोळा हलला नाही. तुमचाही हलत नसेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही.

मला उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जाताना पावणेदोन तास मी प्रत्येक आवाजाला दचकत बसले होते. बंगळुरूला पोचल्यावर माझ्या भाच्याला फोन लावला. तो नागपूरला मिहानमध्ये विमानांच्या देखभालीच्या कामावर आहे. मला जे जे ऐकू आलं, दिसलं, अंगाला जाणवलं ते सगळं त्याला सांगितलं, आणि तो एकेकाचं कारण सांगत गेला. मी वहीत लिहून घेतलं. नोव्हेंबरमध्ये परतताना ते पान मांडीवर ठेवलं होतं आणि एकेक गोष्ट झाली की पेन्सिलीनं खूण करत होते. त्या प्रवासात मी खिडकीशी बसले. ते पान खाली सहाव्या पायरीत दिलं आहे. घाई असेल तर आधी तेच वाचा.

१. तिकीट हाती येताच तपासायच्या गोष्टी

नाव. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत इथं घोळ होतो. आधारवर माहेरचं आडनाव, बोलण्यात सासरचं, आणि तिकीट काढणाऱ्या मुलानं तिसरंच काहीतरी टाकलेलं. तिकीट काढणाऱ्याला आधारचा फोटो पाठवा आणि त्यात पाहूनच नाव टाकायला सांगा. चूक दिसली तर त्याच दिवशी विमान कंपनीला कळवा. प्रवासाच्या दिवशी दारावर ती दुरुस्त होत नाही.

तारीख. रात्री १२ नंतरच्या विमानानं भल्याभल्यांना फसवलं आहे. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचायचं आहे.

विमानतळ. गोव्यात दोन विमानतळ आहेत, दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला मोपा. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत, आणि आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. दिल्लीत तीन टर्मिनल, बंगळुरूत दोन. रिक्षा किंवा टॅक्सीवाल्याला नुसतं ‘विमानतळ’ असं सांगू नका, तिकिटावर लिहिलंय ते वाचून दाखवा. नागपूरला हा प्रश्न नाही, सोनेगावचं एकच आहे.

वेळ. तिकिटावर जी वेळ असते ती विमान सुटण्याची. देशांतर्गत प्रवासात सामान घेण्याचा काउंटर साधारण १ तास आधी बंद होतो आणि विमानात चढायचं गेट साधारण २५ मिनिटं आधी. एसटी सुटता सुटता पळत जाऊन पकडता येते, तसं इथं होत नाही. दोन तास आधी दारात हजर राहा. बाहेरगावाहून येणार असाल तर वाटेतल्या अडचणींसाठी आणखी एखादा तास धरा.

जागा. विमानात जागांना रांगेचा आकडा आणि अक्षर असतं. नेहमीच्या विमानात एका रांगेत सहा जागा, ए पासून एफ पर्यंत. ए आणि एफ खिडकीशी, सी आणि डी मधल्या वाटेशी. धक्के कमी जाणवावेत असं वाटत असेल तर पंखांच्या आसपासची जागा घ्या, शेपटीकडे हालचाल जास्त जाणवते. ऑनलाइन चेक-इन, म्हणजे फोनवरूनच आधी हजेरी नोंदवून जागा ठरवणं, हे करताना बऱ्याच जागांवर पैसे लावलेले दिसतात. जागा विकत घेतलीच पाहिजे असं नाही, न घेतल्यास कंपनी स्वतः एक जागा देते. पण पहिल्या खेपेला मनासारख्या जागेसाठी थोडे पैसे गेले तर जाऊ द्या, असं माझं मत आहे.

विमानाची वेळ निवडणं हातात असेल तर सकाळचं घ्या. दुपारी जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि विमान जास्त हलतं. विदर्भातल्या मे महिन्यात तर हे फारच.

२. बॅग भरताना

सोबत लागणारे कागद आणि वस्तू एका छोट्या पर्समध्ये, गळ्यात किंवा खांद्याला:

- मूळ ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन किंवा पासपोर्ट यांपैकी एक. झेरॉक्स चालत नाही.
- तिकीट किंवा बोर्डिंग पास (विमानात चढायची चिठ्ठी), फोनमध्ये आणि एक छापील प्रत. फोन नेमका तेव्हाच बंद पडतो.
- रोजची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
- चष्मा, दागिने, रोख रक्कम, घराच्या किल्ल्या
- शाल किंवा स्वेटर. आत चांगलंच गार असतं.
- चघळायला आवळा सुपारी, बडीशेप किंवा गोळ्या
- वही आणि पेन्सिल

सामान दोन प्रकारचं असतं. मोठी बॅग काउंटरवर द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर परत मिळते. छोटी बॅग आपल्याजवळ राहते. देशात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा मोठीला १५ किलो आणि छोटीला ७ किलो चालतात, तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते पाहा. जास्त झालं तर किलोमागे पैसे पडतात. घरी वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग घेऊन उभं राहा, आणि वजाबाकी करा.

मी बाळंतिणीचं सामान नेत होते. खारीक, डिंक, अळीव, मेथी आणि २ किलो खोबऱ्याच्या वाट्या, सगळं मोठ्या बॅगेत. सोबत जावयांसाठी घेतलेली पॉवर बँकही त्यातच टाकली. सामानाच्या तपासणीत माझं नाव पुकारलं, आणि चारचौघांत बॅग उघडावी लागली. सुक्या खोबऱ्यात तेलाचं प्रमाण खूप, ते पेट घेऊ शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या गरम होऊन पेटू शकतात, म्हणून त्या कायम जवळच्या बॅगेत. दोन्ही नियमांना चांगलं कारण आहे, मला फक्त कुणी आधी सांगितलं नव्हतं. खोबरं तिथंच ठेवून जावं लागलं, आणि त्या गडबडीनं आधीच धडधडणारं काळीज आणखी धडधडलं. खोबरं बंगळुरूच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. तिथंच घ्या.

उलट बाजूनं, चाकू, कात्री, ब्लेड, अडकित्ता, मोठा नेलकटर या धारदार गोष्टी जवळच्या बॅगेत चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत टाका. लोणचंही मोठ्या बॅगेत, बरणीला दोन पिशव्या घट्ट बांधून. काडेपेटी आणि लायटर कुठेच नको.

३. आदला दिवस

बातम्या आणि अपघातांचे व्हिडिओ बंद. हे मी आज्ञेच्या सुरात लिहिते आहे, कारण मी आदल्या रात्री २ वाजेपर्यंत तेच पाहत होते. एक पाहिला की फोन पुढचे दहा स्वतःहून समोर आणतो, आणि पहाटेपर्यंत मनाची खात्रीच पटते की विमानं रोज पडतात.

ऑनलाइन चेक-इन घरच्या कुणाकडून तरी करून घ्या. बहुतेक कंपन्यांचं ते दोन दिवस आधी सुरू होतं. चेहरा दाखवून आत सोडणारी ‘डिजीयात्रा’ नावाची सोय बऱ्याच विमानतळांवर आहे, पण पहिल्या प्रवासाला तिच्या वाटेला जाऊ नका. कागद दाखवून जाणं सरळ आहे.

उपाशीपोटी निघू नका. उलटी होईल या भीतीनं मी काहीच खाल्लं नव्हतं, आणि रिकाम्या पोटी हात थरथरले ते मला भीतीचेच वाटले. पोळी-भाजी, उपमा असं हलकं खाऊन निघा. चहा-कॉफी एखादा कप, जास्त नको, तिनं छातीतली धडधड वाढते. कुणी ‘ही घे, झोप लागेल’ म्हणत स्वतःची गोळी देऊ करेल, ती घेऊ नका. भीती फारच असेल, किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.

४. विमानतळावर, दारापासून गेटपर्यंत

इथं क्रम लक्षात ठेवला की झालं. दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहून आत सोडतात. सोडायला आलेली माणसं इथंच थांबतात. मला सगळ्यात जड गेला तो हाच क्षण, म्हणून निरोप आधीच, गाडीत असतानाच घ्या.

आत गेल्यावर आपल्या कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग द्या. तिथं बोर्डिंग पास मिळतो आणि बॅगेची चिठ्ठी पासच्या मागे चिकटवून देतात. ती चिठ्ठी जपा. ‘माझा पहिलाच प्रवास आहे’ हे इथं सांगायला लाजू नका. चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवायची असते, ती चालवणारा माणूस थेट गेटपर्यंत नेतो.

मग सुरक्षा तपासणी. ट्रेमध्ये फोन, पर्स, घड्याळ, पट्टा, लॅपटॉप ठेवायचे. बायकांची रांग वेगळी असते आणि तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. मंगळसूत्र, बांगड्या, साडीच्या पिना यांनी यंत्र वाजतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हातातलं यंत्र फिरवून पाहतात. गुडघ्याची वाटी बदललेली असेल किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पलीकडे गेल्यावर ट्रेमधलं सगळं मोजून उचला. माझ्यापुढच्या बाईंचा फोन तिथंच राहिला होता.

यानंतर गेटचा आकडा पाहून जाऊन बसा. बऱ्याच विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही आणि गेट ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून दर १०-१५ मिनिटांनी पडद्यावर नजर टाका. सगळ्यात शांत बसायची जागा शोधत दूरच्या कोपऱ्यात जाऊ नका, गेट दिसेल अशीच बसा.

गेटपासून विमानापर्यंत कधी बोगद्यासारख्या पुलानं जातात, कधी बसनं नेऊन शिडीनं चढवतात. पुण्यासारखी काही विमानतळं हवाई दलाची आहेत, तिथं फोटो काढायला मनाई असते.

५. आत बसल्यापासून दार बंद होईपर्यंत

दारात उभ्या असलेल्या एअर होस्टेसला सांगा, ‘मी पहिल्यांदाच बसतेय, मला भीती वाटते.’ एवढं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. परतताना म्हटलं, तर ती मुलगी उड्डाणाआधी येऊन सीटचा पट्टा तपासून गेली, आणि मधे दोनदा येऊन विचारून गेली. त्यांना रोज अशी माणसं भेटतात.

बॅग वरच्या कप्प्यात, पर्स पुढच्या सीटखाली. पट्टा ओटीपोटावर घट्ट. शेजारचा माणूस नेहमी प्रवास करणारा असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलून ठेवा.

मग त्या मुली प्राणवायूचा मुखवटा, सीटखालचं जीवरक्षक जाकीट आणि बाहेर पडायची दारं दाखवतात. मला वाटलं, आज काहीतरी धोका आहे म्हणून हे सांगताहेत. हे प्रत्येक विमानात, प्रत्येक वेळी सांगायचाच नियम आहे. लक्ष देऊन ऐका, आणि आपल्या रांगेपासून दार किती रांगांवर आहे ते मोजा. मोजण्यात मन गुंततं आणि माहितीही खरी उपयोगाची आहे.

६. आवाजांचं पान

हे क्रमानं लिहिलं आहे. विमानाच्या जातीप्रमाणे थोडा फरक पडेल.

वरून पांढरा धूर. पावसाळ्यात दमट हवा असली की डोक्यावरच्या फटींतून पांढरे लोट येतात. मी उठून उभीच राहिले होते. भाचा म्हणाला, ‘मावशी, तो धूर नव्हता. एसीची थंडगार हवा दमट हवेत मिसळली की धुकं तयार होतं. फ्रीजचं दार उघडल्यावर दिसतं ना, तसंच.’ वास घेऊन पाहा, कशाचाच वास येत नाही.

हवा एकदम बंद, दिवे क्षणभर लुकलुकले. इंजिन सुरू होत आहे. सुरू करायला जी दाबाची हवा लागते ती तेवढ्यापुरती एसीकडून काढून घेतात, आणि विजेचा पुरवठा एकीकडून दुसरीकडे वळतो. मिनिटभरात पूर्ववत.

कुत्रं भुंकावं किंवा करवत चालावी तसा आवाज, पायाखालून. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत हा हमखास येतो, आणि आपल्याकडे ही विमानं पुष्कळ आहेत. चाकं, ब्रेक, पंखांचे भाग हे सगळं तेलाच्या दाबावर चालतं. दाबाच्या तीन यंत्रणा असतात, त्यांतल्या एकीला दुसरीकडून दाब पुरवणारा पंप इंजिन सुरू होताना काम करतो, त्याचा हा आवाज. उतरल्यावरही कधी येतो.

पंखांतून घरघर. पंखाचा मागचा भाग मागे सरकून खाली झुकतो. त्यानं पंख मोठा होतो आणि कमी वेगातही विमानाला उचल मिळते.

रात्र असेल तर दिवे मंद होतात, खिडकीचे पडदे वर करायला सांगतात. तुमच्या डोळ्यांना बाहेरच्या अंधाराची सवय राहावी म्हणून. उडताना आणि उतरताना, दोन्ही वेळी.

मोठी गर्जना, पाठ सीटला चिकटते. धावपट्टीवर साधारण अर्ध्या मिनिटाची धाव असते. वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो, चाकांखाली सिमेंटचे सांधे खडखडतात. मनात सावकाश आकडे मोजा, ४० च्या आत खडखड थांबलेली असते. थांबली म्हणजे तुम्ही हवेत आहात.

धप्प, आणि पोटाखाली घरघर. चाकं आत घेऊन झाकणं लावली.

आवाज एकदम कमी, आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. सगळ्यात जास्त मी इथं घाबरले. उडून अर्धं-पाऊण मिनिटही झालं नव्हतं आणि मला वाटलं इंजिन बंद पडलं. शेजारच्या गृहस्थांचा दंड मी घट्ट धरला होता. उडताना इंजिनाला जास्त जोर लावलेला असतो. थोडी उंची गाठली की तो जोर कमी करतात, इंजिनावर उगाच ताण नको म्हणून. विमान वरच जात असतं, फक्त चढण्याचा वेग बदलतो, आणि आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला तो बदल घसरण वाटतो. हे एक वाक्य मला आधी माहीत असतं तर माझा निम्मा प्रवास सुखाचा झाला असता.

याच ठिकाणी मी भाच्याला विचारलं होतं की खरंच बंद पडलं तर? तो म्हणाला, दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकतं आणि उतरू शकतं, वैमानिकांकडून त्याचा सराव सतत करून घेतात. दोन्ही बंद पडली तरी १० किलोमीटर उंचीवरून ते दगडासारखं पडत नाही. घारीसारखं तरंगत, साधारण १५० किलोमीटर अंतर कापू शकतं.

टिंग, टिंग. पट्ट्याचा दिवा लागला किंवा विझला, कुणीतरी पाणी मागायला बटण दाबलं, किंवा वैमानिक आणि एअर होस्टेस यांचा आपसातला फोन. संकटाची घंटा नव्हे.

विमान कलतं. वळण आहे. खिडकीतून एकदम जमीन दिसते. सायकल वळवताना आपण कलतो, तसंच ते. विरुद्ध बाजूला अंग टाकायची गरज नाही, मी टाकत होते.

पंखाचं टोक वर-खाली हलतं. हललंच पाहिजे. लवचीक असतं म्हणून ताण सोसतं. कडक असतं तर तुटण्याची भीती.

संडासात पाणी सोडल्यावर स्फोटासारखा आवाज. तिथं पाण्याच्या जोरानं नाही, हवेच्या ओढीनं सगळं खेचलं जातं. झाकण लावून मग बटण दाबा.

उतरायच्या अर्धा तास आधी इंजिन शांत होतं. उतरण सुरू. सायकलवर उतारात पॅडल मारत नाही, तसं.

पंखांवर फळ्या उभ्या राहतात, विमान थरथरतं. वेग कमी करायला हवेला अडथळा केला जातो. खिडकीतून पाहिलं तर पंखाचे तुकडे होताहेत असं दिसतं. काम झालं की त्या फळ्या परत बसतात.

मोठी घरघर, मग धप्प, वाऱ्याचा आवाज वाढतो. चाकं बाहेर आली.

जमिनीला टेकताना दणका. पावसाळ्यात धावपट्टी ओली असली की वैमानिक मुद्दाम जरा ठामपणे टेकवतात, चाकं पाण्यावर घसरू नयेत म्हणून. दणका बसला म्हणजे चालवणारा कच्चा, असं समजू नका.

लगेच प्रचंड गर्जना, अंग पुढे ओढलं जातं. इंजिनाची हवा उलट दिशेला वळवून आणि ब्रेक लावून वेग उतरवत आहेत.

कधी असंही होतं की जमीन हाताशी आली आणि विमान पुन्हा जोरात वर गेलं. पुढचं विमान धावपट्टीवर असेल, वारा बदलला असेल, पाऊस आडवा आला असेल. वैमानिकाला शंका आली की तो पुन्हा फेरी मारतो. असं झालं तर तो माणूस घाई करत नाहीये, हे ओळखा.

७. विमान हललं तर

आपण म्हणतो ‘हवेची पोकळी लागली’. अशी पोकळी वर कुठेही नसते. नदीच्या पाण्यात जसे वेगवेगळे प्रवाह असतात तसे हवेत असतात, आणि विमान एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरताना हलतं. वर्ध्याच्या जुन्या रस्त्यावर एसटी खड्ड्यातून जाते तेव्हा आपण गाडी मोडेल म्हणून रडत नाही, कारण खड्डा दिसतो. इथं खड्डा दिसत नाही एवढाच फरक.

वाटतं शेकडो फूट खाली गेलो, प्रत्यक्षात ते अंतर बहुतेक वेळा थोडं असतं. पुढच्या सीटमागच्या ट्रेवर पाण्याचा अर्धा भरलेला पेला ठेवलेला असेल तर त्याच्याकडे पाहा. पाणी सांडण्याइतकंही हलत नसतं आणि आपण मात्र डोळे मिटून देव आठवत असतो. पट्टा मात्र बसलेल्या पूर्ण वेळ लावून ठेवा, दिवा विझला तरी. हलणाऱ्या विमानात ज्यांना इजा होते ते बहुधा पट्टा न लावलेले किंवा उभे असलेले लोक असतात.

८. कान

विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत, ६ ते ८ हजार फूट उंच डोंगरावर असावा तितका असतो. तो बदलताना कानाला दडे बसतात, उतरताना जास्त. चघळा, आवंढा गिळा, जांभई द्या. तरी सुटले नाहीत तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच श्वास कानांकडे ढकला. जोर लावू नका. कापसाचे बोळे या दड्यांवर चालत नाहीत. तान्ह्या बाळाला उतरताना अंगावर पाजा किंवा बाटली द्या, रडतं ते कान दुखल्यानंच. जोराची सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

९. भीती अंगावर आलीच तर

माहिती असूनही छाती भरून येऊ शकते. तेव्हा श्वास ४ आकड्यांत आत, ६ आकड्यांत बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं लांब ठेवायचं, त्यानं धडधड खरोखर खाली येते. मग दोन्ही मुठी आवळा, पाच मोजा, सोडा. तळपाय जमिनीला दाबा, सोडा. जप, श्लोक, पाढे, जे तोंडपाठ आहे ते म्हणा. मी २९ चा पाढा म्हणत होते, शाळेत मुलांना जो सगळ्यात अवघड जायचा तोच, कारण तो म्हणताना दुसरा विचार करताच येत नाही.

वहीत वेळ लिहीत जा. १०.१० उडालो, १०.१५ वळण, १०.३० चहा. तास कसा सरतो ते डोळ्यांना दिसतं.

दारू पिऊन धीर येतो असं पुरुषमंडळींना वाटतं. उंचीवर तिचा त्रास वाढतो, आणि देशांतर्गत प्रवासात ती विमानात मिळतही नाही.

१०. उतरल्यावर

विमान थांबल्यावर सगळे एकदम उभे राहतात. तुम्ही बसून राहा. दार उघडायला वेळ लागतो, आणि मोठी बॅग यायला त्याहून जास्त. फोन चालू करून घरी ‘पोचले’ एवढं कळवा, तिकडेही कुणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं.

बाहेर पडताना पडद्यावर आपल्या विमानाच्या आकड्यासमोर बॅगा येणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा नंबर दिसतो, तिथं उभं राहा. काळ्या आणि निळ्या बॅगा सगळ्यांच्या सारख्याच असतात. मी मुठीला जुन्या पैठणीच्या काठाची पट्टी बांधली होती, लांबूनच ओळखू आली. तरी उचलल्यावर पासमागच्या चिठ्ठीचा आकडा बॅगेवरच्या आकड्याशी ताडून पाहा. बॅग आली नाही किंवा फुटलेली निघाली, तर बाहेर न पडता तिथल्याच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर परत आत येता येत नाही.